प्रतिनिधीच्या कामाची वही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकवण्यात घालविली, आणि त्या काळात मुलांनीच आम्हांस जे शिकविले तेवढीच आमची विद्या. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. एका निवृत्त शिक्षकाच्या मनात गेली काही वर्षे घोळत असलेला विचार आपल्यापुढे ठेवावा, इतकाच आमचा हेतू आहे.

गेल्या सर्वसाधारण सभेत एक सूचना पुढे आली होती, ती आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. येत्या लोकसभा निवडणुकीत आपल्या ज्ञातीतील जो कोणी उमेदवार उभा राहील त्यास समाजाची सर्व मते एकगठ्ठा द्यावीत, आणि त्याच्या मोबदल्यात खासदार निधीतून आपल्या सभागृहासाठी रक्कम मागून घ्यावी, अशी ती सूचना होती. सूचना मांडणारे बंधू समाजाच्या कळकळीने बोलत होते, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. सभागृह नाही म्हणून आपल्या मुलींची लग्ने भाड्याच्या मांडवात लागतात, हे दुःख आम्हीही जाणतो. तो ठराव पुढील सभेपर्यंत राखून ठेवण्यात आला. आजचे आमचे भाषण त्या ठरावाविषयी आहे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे.

आमचे वडील कोकणात एका पेढीवर दिवाणजी होते. रोज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी ते वही लिहीत. उजेड मंद असो वा अंगात ताप असो, जमा आणि नावे यांचा मेळ बसल्याखेरीज ते घरी येत नसत. ते म्हणत, “मालक आपल्यावर विश्वास ठेवतो, म्हणूनच वही चोख पाहिजे. विश्वास आहे म्हणून वही नको, असे म्हणणारा दिवाणजी बुडवतो आणि असे म्हणणारा मालक बुडतो.” हे वाक्य आम्ही लहानपणी अनेकदा ऐकले. त्याचा अर्थ मात्र साठी उलटल्यावर कळला.

आपल्या मंडळाचे खजिनदार आताच वार्षिक हिशेब वाचून दाखवतील. टपालखर्चात शंभर रुपयांचा फरक दिसला तर दहा जण उठून विचारतील, आणि तसे विचारणे योग्यच आहे. परंतु ज्या गृहस्थाला आपण पाच वर्षांसाठी दिल्लीस पाठवितो, त्याने तेथे काय केले याची वही आपण कधी मागितली आहे काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आम्ही स्वतः कधीही मागितली नव्हती. ती मागण्याची बुद्धी आम्हांस कशी झाली, तो प्रसंग सांगतो. त्यात आमचा मोठेपणा काही नाही. उलट फजितीच आहे.

निवृत्तीनंतरच्या एका निवडणुकीत आपल्या ज्ञातीचे एक गृहस्थ पुन्हा उभे राहिले होते. ते आधीची पाच वर्षे खासदार होतेच. नोकरीत असताना आम्हांस प्रचार करण्यास मनाई होती. आता ते बंधन नव्हते, म्हणून आम्ही उत्साहाने घरोघर फिरलो. फिरता फिरता आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या दारी गेलो. ती आज आरोग्यसेविका आहे. तिने पाणी दिले, चहा ठेवला, आणि आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “गुरुजी, राग मानू नका. गणित सोडवून दाखवल्याशिवाय तुम्ही आम्हांला गुण देत नव्हता. नुसते उत्तर लिहिले तर भोपळा द्यायचात. मग यांना तुम्ही कशाचे गुण देता आहात?”

आम्ही म्हणालो, “अगं, आपला माणूस आहे.”

ती म्हणाली, “ते खरंच गुरुजी. पण त्यांनी तिथं काय केलं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या मुलीचा हात धरून आम्ही मुळाक्षरे गिरवून घेतली, तिच्यासमोर मान खाली घालून बसण्याची वेळ आमच्यावर आली. चहा घेतला आणि पुढच्या घरी न जाता आम्ही परत फिरलो.

त्यानंतर त्याच विद्यार्थिनीच्या मुलाच्या मदतीने आम्ही शोध सुरू केला. लोकसभेत जे बोलले जाते ते शब्दशः उतरवून घेतले जाते व प्रसिद्ध होते. कोणी कोणता प्रश्न विचारला आणि मंत्र्याने काय उत्तर दिले, तेही प्रसिद्ध होते. पूर्वी त्यासाठी मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. आज ते सारे घरबसल्या पाहता येते. म्हणजे वही लिहिलेली असते, ती उघडीही असते. उणीव आहे ती वाचणाराची.

आता ही वही वाचावी कशी, हे थोडक्यात सांगतो. पुष्कळांची समजूत अशी असते की प्रत्येक विधेयकावर प्रत्येक खासदाराचे मत नोंदले जाते. तसे नाही. बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रश्न मांडतात, अनुकूल असलेले ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असलेले ‘नाही’ म्हणतात, आणि अध्यक्ष निर्णय देतात. कोण काय म्हणाला याची नोंद त्यात राहत नाही. मात्र या निर्णयास कोणी हरकत घेतली तर मतविभागणी होते. लोकसभेत १९५७ पासून त्यासाठी यंत्राची सोय आहे. सदस्य आपल्या जागेवरील बटण दाबतो आणि होय, नाही किंवा तटस्थ अशी नोंद होते. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. म्हणून तेथे मतविभागणी होतेच, आणि नावानिशी यादी छापली जाते.

एका मताचे मोल काय, असे कोणी विचारील. दोन उदाहरणे देतो. १९७० साली संस्थानिकांचे तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत होऊन राज्यसभेत आले. तेथे अनुकूल १४९ व प्रतिकूल ७५ मते पडली. एकूण २२४ मतांचे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने विधेयक पडले! पुढे १९७१ मध्ये ते नव्याने आणावे लागले. दुसरे उदाहरण १७ एप्रिल १९९९ चे. त्या दिवशी विश्वासदर्शक ठरावावर सरकारच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने सरकार गेले, आणि साऱ्या देशाला पुन्हा मतदान करावे लागले. तेव्हा आपण पाठविलेला मनुष्य कोणत्या क्षणी तराजूचा काटा फिरवील, हे आधी सांगता येत नाही.

तथापि केवळ मतांच्या यादीवरून माणसाची परीक्षा करणे न्यायाचे होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्यानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या अथवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याला पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली नाही, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पैशाच्या व पदाच्या लोभाने पक्ष बदलणारांना आवर घालणे हा त्या कायद्याचा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, यादीतले मत पुष्कळदा पक्षाचे असते, माणसाचे नसते. यादीत नाव नसले तरी त्याचाही अर्थ एकच नसतो. सदस्य आजारी असेल, बहिष्कारात सामील असेल, किंवा बेफिकीर असेल. १९७६ साली बेचाळिसावी घटनादुरुस्ती संमत झाली त्या वेळी विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात होते. त्यांची नावे यादीत नाहीत म्हणून त्यांना कामचुकार कोण म्हणेल?

मग माणूस ओळखावा कशावरून? जेथे पक्षादेश त्याचा हात धरत नाही, तेथे तो काय करतो यावरून. अधिवेशनाच्या काळात रोज वीस प्रश्न तोंडी उत्तरासाठी घेतले जातात. त्यांखेरीज पुष्कळ प्रश्नांना लेखी उत्तरे मिळतात. प्रश्न कोणता विचारावा हे सदस्याच्या हाती असते. शुक्रवारी अखेरचे अडीच तास खाजगी सदस्यांच्या कामकाजास दिलेले असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी चौदाच खाजगी विधेयके कायदा होऊ शकली, आणि त्यांतले शेवटचे १९७० साली झाले, हे खरे आहे. पण न होणाऱ्या विधेयकालाही अर्थ असू शकतो, हे आता आम्ही सांगणार आहोत.

आमचे मूळ गाव जुन्या राजापूर मतदारसंघातले. २००९ च्या निवडणुकीपासून त्या नावाचा मतदारसंघ राहिला नाही. त्या मुलखाने दिल्लीस पाठविलेल्या दोन प्रतिनिधींची वही आम्ही नमुन्यादाखल आपल्यापुढे उघडतो.

पहिले बॅरिस्टर नाथ पै. जन्म १९२२ साली वेंगुर्ल्याचा. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला, पुढे विलायतेत जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत ते राजापुरातून निवडून आले. त्यांचा प्रजासमाजवादी पक्ष केंद्रात कधी सत्तेवर नव्हता. म्हणजे निधी नाही, मंत्रिपद नाही, देण्यासारखे हाती काही नाही. संयुक्त महाराष्ट्र, गोव्याची मुक्तता, बेळगावचा सीमाप्रश्न या विषयांवर त्यांची भूमिका उघड होती व ती अखेरपर्यंत बदलली नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे बेळगावात देहावसान झाले, तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. त्या दिवशी वडिलांनी रात्री वही लिहिली नाही. त्यांच्या आयुष्यात असे आम्ही एकदाच पाहिले.

नाथ पै यांच्या कामातील एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांना बाध येईल अशी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पै यांना हे मान्य नव्हते. लोकांनी निवडलेल्या संसदेला घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता आला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती, आणि त्याच वर्षी त्यांनी तशा अर्थाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली, देशभर वाद झाला. १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तेथेच राहिले. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी सरकारनेच चोविसावी घटनादुरुस्ती आणली. ४ ऑगस्ट १९७१ रोजी ती लोकसभेत ३८४ विरुद्ध २३ मतांनी संमत झाली. विरोधी बाकावरील एका सदस्याने मांडलेला विचार अशा रीतीने घटनेत आला.

आता याचा दुसरा भागही पाहिला पाहिजे, नाहीतर आम्ही वही अर्धीच वाचली असे होईल. संसदेला अमर्याद अधिकार असावा काय? १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी सांगितले की, दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. पुढे दोनच वर्षांनी आणीबाणी आली. बेचाळिसाव्या दुरुस्तीने असे लिहिले की, घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरविले. नाथ पै यांच्यासारख्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या मनात लोकांचे हक्क काढून घेण्याचा विचार स्वप्नातही नव्हता. तरीही सत्ता वेगळ्या हातांत गेली की त्याच अधिकाराचा उपयोग कसा होऊ शकतो, हे देशाने पाहिले. म्हणून नाथ पै यांच्यावर अपार श्रद्धा असूनही या एका प्रश्नावर न्यायालयाने काढलेला मध्यममार्गच अधिक सुरक्षित ठरला, असे आमचे नम्र मत आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याही हिशेबात एखादी रक्कम नावे लिहिता आली पाहिजे. त्याने प्रेम कमी होत नाही.

दुसरे प्राध्यापक मधु दंडवते. ते जन्माने अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे. राजापूरच्या मतदारांशी त्यांचे ना गावचे नाते, ना गोताचे. तरीही १९७१ पासून १९८९ पर्यंत लागोपाठ पाच वेळा कोकणाने त्यांना निवडून दिले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते. १९८४ साली काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या, त्या लाटेतही राजापूरकरांनी विरोधी पक्षाच्या या माणसाला परत पाठविले. आमच्या आयुष्यातले लोकसभेचे पहिले मत आम्ही त्याच निवडणुकीत दिले. रांगेत आमच्यापुढे वडील उभे होते. त्यांना आम्ही विचारले होते, “बाबा, हे आपल्यातले नाहीत, गावचेही नाहीत. मग मत कशासाठी?” वडील म्हणाले, “वही चोख आहे.”

१९७७ ते १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री होते. १९७४ च्या संपात ज्या रेल्वे कामगारांना कामावरून काढले होते, त्यांना त्यांनी परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा लाकडी फळ्यांवर झोपावे लागे. त्यांवर दोन इंचांच्या फोमच्या गाद्या बसविण्यास त्यांनी आरंभ केला. आपण सारे आज त्या गाद्यांवर पाठ टेकतो, पण कोणामुळे, हे ठाऊक नसते. येथे एक गंमत लक्षात घ्या. ज्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाने त्यांना निवडून दिले, तेथे त्या वेळी रेल्वे नव्हतीच! त्या गाद्यांचा पहिला लाभ झाला तो दिल्ली, कलकत्ता, मद्रासकडे जाणाऱ्या अनोळखी गोरगरिबांना. राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत आम्हांस सांगता येणार नाही.

कोकण रेल्वेचा आग्रह त्यांनी सोडला नव्हता. १९९० साली ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांनी ते काम तडीस नेले, आणि १९९८ च्या जानेवारीत मार्ग पुरा खुला झाला. पण १९९१ च्या निवडणुकीत दंडवते पराभूत झाले होते. गाडी धावू लागली तेव्हा ते लोकसभेत नव्हते. प्रतिनिधीच्या कामाचे फळ कधी कधी पाच वर्षांच्या वहीत मावत नाही, पुढच्या पानावर जाते. म्हणून हिशेब घेताना घाई करू नये, हेही यातून शिकण्यासारखे आहे. आणि आकड्यांनाही फसू नये. मंत्री प्रश्न विचारीत नाही, तो उत्तरे देतो. तेव्हा रेल्वेमंत्री असताना दंडवत्यांनी किती प्रश्न विचारले असे कोणी मोजले, तर भोपळाच निघेल.

आता आमच्या त्या शोधाकडे परत येतो. आपल्या ज्ञातीच्या त्या खासदारांची पाच वर्षांची वही आम्ही वाचली. हजेरी बरी होती. प्रश्नांची संख्याही लहान नव्हती. पण बहुतेक प्रश्न असे की, ते कोणत्याही गावच्या कोणत्याही सदस्याने विचारले असते तरी चालले असते. आपल्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, फी थकली म्हणून महाविद्यालये दाखला अडवून ठेवतात, ही तक्रार आपल्या मंडळाने त्यांच्याकडे दोन वेळा लेखी दिली होती. त्याविषयी पाच वर्षांत त्यांचा एकही प्रश्न सापडला नाही. त्या विषयावर प्रश्न सापडला तो शेजारच्या मतदारसंघातील एका खासदारांचा. ते आपल्या ज्ञातीचे नाहीत. त्यांच्या पक्षाविरुद्ध आम्ही गावोगाव बोललो होतो. त्यांना आपण कधी हार घातला नाही, साधे आभाराचे कार्डही पाठविले नाही. हे वाचून त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, आपला माणूस दिल्लीस नको, असेच तुम्हांस म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. ज्यांना शतकानुशतके दाराबाहेर उभे केले, त्यांचा माणूस आत गेलाच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रतिनिधित्वासाठी केलेला झगडा आम्ही मुलांना शिकविला आहे, आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु आत जाणे हा आरंभ आहे. आपण आरंभालाच शेवट समजलो, आणि जो आत गेला त्यानेही तसेच समजावे यात नवल नाही. आपली मते कोणत्याही परिस्थितीत मिळणारच, अशी ज्याची खात्री आहे, तो आपले काम कशासाठी करील? ज्या विद्यार्थ्याला परीक्षेआधीच उत्तीर्ण केले तो अभ्यास करीत नाही, हा आमचा तेहतीस वर्षांचा अनुभव आहे.

दुसरे कोणी म्हणेल, इतर समाज एकगठ्ठा मते देतात, मग आपणच का मागे राहावे? आपला समाज संख्येने लहान आहे. गठ्ठ्यांच्या बाजारात लहान गठ्ठ्याला भावही लहानच मिळणार. पण शंभर घरांचा समाज जर हाती कागद घेऊन विचारू लागला की, अमुक दिवशी आपण कोणत्या बाजूस मत दिले, अमुक विषयावर आपण का बोलला नाहीत, तर त्या शंभर घरांचा वचक हजार घरांएवढा होईल.

आता सभागृहाच्या रकमेचा प्रश्न. खासदार निधीची योजना १९९३ साली सुरू झाली. २०११-१२ पासून ती रक्कम प्रत्येक खासदारामागे वर्षाला पाच कोटी रुपये आहे. खासदार काम सुचवितो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. पैसा सरकारचा, म्हणजे आपलाच. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आहेत, आणि २०२४ साली राज्यातील मतदार नऊ कोटींहून अधिक होते. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी एकोणीस लाखांच्या आसपास. पाच कोटींना भागून पाहा, दर मतदारामागे वर्षाला सव्वीस-सत्तावीस रुपये पडतात. उलट २०२५-२६ चे केंद्राचे अंदाजपत्रक पन्नास लाख कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे होते. त्यावर चर्चा करणे आणि मत देणे हे खासदाराचे खरे काम. आपण मात्र पाच कोटींच्या कोपऱ्यातील चिमूटभर रकमेवर नजर ठेवून पन्नास लाख कोटींकडे पाठ फिरवून बसतो. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती, आपल्या म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन, आपल्या गावची रेल्वे, हे सारे त्या मोठ्या वहीत आहे.

तेव्हा आमची मंडळाला तीन विनंत्या आहेत. पहिली, मते एकगठ्ठा देण्याचा तो ठराव मंडळाने करू नये. प्रत्येक सभासदाने आपल्या बुद्धीने मत द्यावे. घरातील स्त्रियांनीही पुरुषांना न विचारता द्यावे. दुसरी, निवडणुकीपूर्वी सर्व पक्षांच्या उमेदवारांना, ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, मंडळाने पत्र पाठवून पाच प्रश्न विचारावेत, आणि जो आधी खासदार होता त्याच्यापुढे त्याचीच वही ठेवावी. तिसरी, दर वर्षीच्या स्मरणिकेत एक पान राखून ठेवावे. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराने त्या वर्षी कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर काय बोलला, मतविभागणीत त्याचे मत कोठे पडले, हे त्या पानावर छापावे. स्तुती नको, निंदाही नको, नुसती नोंद. हे काम करावयास आपली महाविद्यालयात जाणारी मुले-मुली समर्थ आहेत. पहिल्या वर्षीची नोंद त्यांच्याबरोबर बसून तयार करण्याचे आम्ही मान्य करतो.

आणि त्या शेजारच्या खासदारांना मंडळाने आभाराचे एक पत्र पाठवावे, ही चौथी विनंती. उशीर झाला आहे, पण देणे फेडण्यास उशिराची सबब चालत नाही.

राहता राहिले सभागृह. ते आपण आपल्या वर्गणीतून बांधू. लहान बांधू, पण कोणाचे उपकृत न होता बांधू. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून अकरा हजार रुपये आम्ही आज खजिनदारांच्या हाती देत आहोत. त्याची पावती मात्र आम्हांस मिळाली पाहिजे. वडिलांची सवय रक्तात उतरली आहे, काय करणार!

बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास वडीलकीच्या नात्याने क्षमा करावी. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!